पुसदचे गवत आणि आठवीचा वर्ग

आठवीच्या इतिहासात सविनय कायदेभंगाचा पाठ आहे. दांडी येते, धारासणा येते, सोलापूर येते. मग जिथे मिठागरे नव्हती तिथे लोकांनी जंगलाचे जाचक कायदे मोडले असे सांगून पुस्तक काही गावांची नावे देते. त्यांत चिरनेर आहे, बिळाशी आहे आणि पुसदही आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वर्गात ‘पुसद’ हा शब्द उच्चारला की चार-दोन मुले मान वर करतात. कुणाचा मामा तिथे राहतो, कुणाच्या बाबांनी तिथल्या बाजारातून बैल आणलेला असतो. नेमक्या त्या क्षणी शिक्षकाजवळ सांगायला पुढचे वाक्य नसते आणि पाठ पुढे सरकतो.

ते पुढचे वाक्य शिक्षकाला मिळवून देणे हे इतिहासाच्या व्याख्यानाचे काम आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाने पदवीला इतिहास घेतलेलाच असतो असे नाही. त्याच्याजवळ असते ते पाठ्यपुस्तक आणि फार तर एखादे मार्गदर्शक. अध्यापनाच्या पद्धती सांगणारी प्रशिक्षणे त्याच्या वाट्याला बरीच येतात. विषयाचे ज्ञान वाढवणारे प्रशिक्षण मात्र क्वचित येते. ही उणीव शाळांच्या समूहाच्या, म्हणजे केंद्राच्या पातळीवर, फारसा खर्च न करता भरून काढता येते.

पुसदचेच उदाहरण पाहावे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि सहा महिन्यांची शिक्षा पत्करली. बापूजी म्हणजे माधव श्रीहरी अणे, याच जिल्ह्यातल्या वणीचे. जन्म १८८० चा, व्यवसाय वकिली, राजकारणात टिळकांचे अनुयायी. एवढे चरित्रकोशातही सापडते. व्याख्यात्याने त्याच्या पुढे जायला हवे. मीठ सोडून गवत का? वऱ्हाडाला समुद्र नाही, तरी वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह झाला होता. अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या दहिहांड्याला, विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करण्यात आले. यवतमाळच्या डोंगराळ, झाडीच्या मुलखात तसे पाणी नाही. इथे सरकार माणसाला रोज भेटत होते ते जंगलाच्या रूपाने. १८७८ चा आणि नंतर १९२७ चा वनकायदा, राखीव जंगलाची हद्द, चराईचे शुल्क, गुरे आत शिरली की कोंडवाडा. ज्याच्या दावणीला दोन बैल आणि एक गाय होती, त्याला परकी सत्ता म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नव्हते. आणि जुलै महिनाच का? पाऊस पडून गवत वर आल्यावरच ते कापता येते, हे उत्तर वर्गातले शेतकऱ्याचे पोर शिक्षकाच्या आधी देईल.

असे तीन-चार प्रश्न हाती आले की एका ओळीचा तास होतो. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत तो नेता येतो, कारण जंगलातले गवत, मोह, तेंदूपत्ता नेण्याचा हक्क कुणाचा हा वाद जिल्ह्यातल्या कोलाम पोडांना आणि गोंड वस्त्यांना आजही परका नाही.

आता अशा व्याख्यानाची बांधणी कशी करायची हा प्रश्न. मराठी माणसाला व्याख्यानाची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ मध्ये, आणि गावोगाव तिची लेकरे आजही नांदतात. पण सभागृहातल्या श्रोत्यासाठी केलेले व्याख्यान आणि शिक्षकासाठी केलेले व्याख्यान यांत मोठे अंतर आहे. श्रोता भारावून घरी गेला तरी चालते. शिक्षकाला दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चाळीस मुलांसमोर उभे राहायचे असते. भारावलेपण त्याच्या हाती काहीच देत नाही. म्हणून जयंतीच्या कार्यक्रमाला जोडून ‘शिक्षकांसाठीही व्याख्यान’ ठेवण्याचा बेत टाळावा. प्रास्ताविक, परिचय, सत्कार आणि मनोगते यांत पहिला पाऊण तास जातो, वक्त्याचा वेळ कापला जातो आणि प्रश्नांसाठी काहीच उरत नाही.

सोयीची जागा आहे ती केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेची. केंद्रातल्या शाळांचे शिक्षक तिथे एरवीही जमतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास करणे अपेक्षित आहे. परिषदेतले दोन-अडीच तास त्यात धरले जातील का, नोंद कोणत्या नमुन्यात ठेवायची, हे केंद्रप्रमुखांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला आधीच लेखी विचारून घ्यावे. नंतर प्रमाणपत्रासाठी धावाधाव करण्यापेक्षा हे बरे. सगळ्या जिल्ह्याचा एकच मोठा कार्यक्रम यवतमाळात घेण्याचा मोह आवरावा. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर, तालुके १६. उमरखेडच्या शिक्षकाला वणी जितकी लांब तितकेच तिथल्या इतिहासाचे प्रश्नही वेगळे. व्याख्यान त्या त्या भागात गेले पाहिजे.

वेळेची वाटणी करताना व्याख्यात्याला पन्नास मिनिटांहून जास्त देऊ नये. हा अनादर नव्हे. उरलेला वेळ शिक्षकांच्या कामाचा असतो. चाळीस मिनिटे एक अस्सल कागद वाचण्यासाठी ठेवावीत: जुन्या वर्तमानपत्राचे कात्रण, गॅझेटियरचे एक पान, एखादा नकाशा. शेवटची तीस मिनिटे गटात बसून पाठटाचण लिहिण्यासाठी. टाचण तिथेच लिहिले गेले नाही तर ते पुढे लिहिले जात नाही, हे कोणताही शिक्षक प्रामाणिकपणे सांगेल.

वक्त्याला बोलावताना केवळ विषय कळवून थांबू नये. त्याच्याकडे पाठ्यपुस्तकातले ते पान पाठवावे आणि एक विनंती करावी: काय घडले हे थोडक्यात सांगा, ते आपल्याला कशावरून कळले हे सविस्तर सांगा. साऱ्या उपक्रमाचे मर्म या विनंतीत आहे. पुसदला कोणत्या दिवशी काय झाले हे पुस्तकात वाचता येते. पण अण्यांचे कागद दिल्लीतल्या पूर्वीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात आहेत, सरकारी बाजूची कागदपत्रे नागपूरच्या अभिलेखागारात शोधावी लागतात, आणि सरकारी अहवाल आणि सत्याग्रहींची आठवण यांत गर्दीचा आकडा सारखा येईलच असे नाही, हे फक्त संशोधन केलेला माणूस सांगू शकतो. दहावीच्या इतिहासाचे पुस्तकही इतिहासलेखनाच्या परंपरेपासूनच सुरू होते आणि उपयोजित इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन इथवर जाते. ते प्रकरण पाठ करून घेण्याऐवजी समजावून द्यायचे तर शिक्षकाने निदान एकदा एखादा इतिहासकार कागद कसा वाचतो ते जवळून पाहिलेले हवे.

वक्ते जवळच मिळतात. यवतमाळचे अमोलकचंद महाविद्यालय, पुसदचे फुलसिंग नाईक महाविद्यालय, वणीचे लोकमान्य टिळक महाविद्यालय अशा ठिकाणी आधी चौकशी करावी. पुरातत्त्वासाठी नागपूर विद्यापीठाचा विभाग आहेच. त्याच विभागाने अलीकडे बाभुळगाव तालुक्यातल्या पाचखेडला टेकाड खणले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगीन वस्तीचे अवशेष उजेडात आणले. सहावीला प्राचीन भारत शिकवणाऱ्या बाभुळगावच्या शिक्षकाला हडप्पाइतकेच पाचखेडही माहीत असावे, ही अपेक्षा जास्त नाही. उत्खनन करणाऱ्या माणसाने खापराचा एक तुकडा हातात धरून स्तर म्हणजे काय, मातीचा रंग का बदलतो, काळ कसा ठरवतात हे अर्धा तास सांगितले तर त्या शिक्षकाचा पुढच्या कित्येक वर्षांचा पाठ बदलून जाईल.

पदवीचा आग्रहही फार धरू नये. यवतमाळच्या इतिहास संशोधनाचा पाया घातला तो यशवंत खुशाल देशपांडे या वकिलाने. त्यांनी महानुभाव पंथाच्या पोथ्या शोधल्या, वाचल्या, १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ लिहिला आणि यवतमाळात शारदाश्रम ही संशोधनसंस्था नावारूपाला आणली. शिक्षकांसाठी तर आणखी जवळचे उदाहरण आहे. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याला राजपुत्रांना शिकवत होते. शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून ‘मुसलमानी रियासत’ उभी राहिली आणि १८९८ मध्ये छापली गेली. मराठीतल्या सर्वांत मोठ्या इतिहासग्रंथमालेचे मूळ एका शिक्षकाच्या वहीत आहे.

विषय निवडताना जिल्ह्याचे तुकडे लक्षात घ्यावेत, कारण यवतमाळचा भूतकाळ एका साच्याचा नाही. आज ज्याला यवतमाळ जिल्हा म्हणतात तो १८६४ मध्ये वेगळा झाला आणि बराच काळ वणीच्या नावाने ओळखला गेला. यवतमाळ हे नाव आणि पुसद तालुका त्याला १९०५ मध्ये मिळाले. ‘ऐन-इ-अकबरी’त योत-लोहारा परगण्याचा उल्लेख आहे आणि त्या मुलखाच्या सरकारचे ठाणे होते कळंब. चिंतामणीच्या दर्शनाला कळंबला गेलेल्या किती मुलांना ते ठाऊक असेल? अठराव्या शतकात वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले दोघेही वसुली करत. या कारभाराला लोक दोअमली म्हणत. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धेपलीकडचा हक्क गेला, १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले. पेशवाईचा शेवट शिकवताना पुण्याजवळच्या लढायाच सांगितल्या जातात, पण पळणाऱ्या दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजी फौजेने एप्रिल १८१८ मध्ये गाठले ते पांढरकवड्याजवळ. केळापूर तालुक्यातल्या केंद्राने हा विषय सोडून दुसरा पहिल्यांदा घेऊ नये. दारव्ह्याकडच्या शिक्षकांना चौथीचा शिवचरित्राचा भाग शिकवताना १६७० ची कारंज्याची स्वारी जोडता येईल. कारंजे तिथून लांब नाही आणि तिथे कापड व सावकारी का भरभराटीला आली होती हा प्रश्न मुलांना बाजाराकडे नेतो.

दारव्हा, लाडखेड या गावांना आणखी एक विषय आहे, शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद मापाची रेल्वे १९०३ ची, लांबी ११३ किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस बंदराकडे आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांकडे नेण्यासाठी ती टाकली गेली. मुलांच्या आजोबांनी तिच्यातून प्रवास केलेला असतो. रेल्वे आल्यावर बैलांचे तांडे घेऊन माल वाहणाऱ्या बंजारा समाजाचे काय झाले, हा प्रश्न त्याच धड्यात विचारायला हवा. जिल्ह्यात तांडे कितीतरी आहेत, आणि तांड्यावरून येणाऱ्या मुलाला आपल्या पूर्वजांचा व्यापार पुस्तकात क्वचितच दिसतो. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद ५ डिसेंबर १९६३ पासून ११ वर्षांहून अधिक काळ सांभाळणारे वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, हे त्याला ठाऊक असते. त्यांच्या आधीच्या पिढ्या कुठून, काय घेऊन, कोणत्या वाटेने जात होत्या, ते कुणी सांगत नाही.

उमरखेडच्या बाजूला पैनगंगा आहे. अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचे राज्य अशी स्थिती १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होती. तेव्हा जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत. नदीकाठच्या गावांत अशी माणसे अजून भेटतात. व्याख्यानाबरोबर मौखिक इतिहासाचे काम जोडायचे तर ते याच भागात आणि ताबडतोब.

व्याख्यानाला पूरक साधने फार दूर शोधायला लागत नाहीत. जिल्ह्याचे १९०८ चे इंग्रजी गॅझेटियर आहे, राज्य शासनाचे १९७४ चे आहे. जुने गॅझेटियर वाचताना ते साहेबाने कारभारासाठी लिहिले होते हे विसरू नये. कापसाची आणि जमीनमहसुलाची माहिती त्यात भरवशाची, जाती-जमातींबद्दलची मते मात्र त्या काळच्या सत्ताधाऱ्याची. तिसरीसाठी बालभारतीने काढलेली परिसर अभ्यासाची जिल्हानिहाय पुस्तके शाळेच्या कपाटात असतील तर तीही बाहेर काढावीत.

सर्वांत मोलाचे साधन मुख्याध्यापकांच्या कपाटातच असते, ते म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. शाळेत पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली? पोडावरचे, पारधी बेड्यावरचे पहिले मूल कधी आले? कोणत्या वर्षी गळती वाढली आणि त्या वर्षी दुष्काळ होता का? एवढ्या नोंदींवर सातवी-आठवीची मुले स्वतःच्या गावाचा खरा, पुराव्याचा इतिहास लिहू शकतात. जुनी पाने मोडीत असली तर मोडी वाचणारा माणूस बोलवावा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे अशा वाचकांची गरज सर्वांना कळली आहे. पण इथे एक पथ्य कडक पाळावे. हे रजिस्टर कायदेशीर दस्तऐवज आहे, त्यात जात असते, जन्मतारीख असते. मूळ वही मुलांच्या हाती देऊ नये, तिचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नयेत. मुख्याध्यापकांनी नावे वगळून वर्षनिहाय आकडे काढून द्यावेत, त्यांवर मुलांनी काम करावे.

वादाचे प्रसंग येतील, त्याची तयारी ठेवावी. जुलै १९३० चेच पाहा. बापूजी अण्यांच्या पाठोपाठ त्याच महिन्यात डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनीही यवतमाळजवळ जंगल सत्याग्रह केला आणि अकोल्याच्या तुरुंगात शिक्षा भोगली. आज या दोन नावांकडे लोक वेगवेगळ्या राजकीय चष्म्यांतून पाहतात. शिक्षकाने दोन्ही घटना तारखेसह सांगाव्यात, पुरावा कोणता ते सांगावे आणि त्यानंतर मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. वक्त्यालाही आधी सांगून ठेवावे की शिक्षक हे मतदार म्हणून बसलेले नाहीत. कुणी अतिशयोक्त आकडा किंवा ऐकीव कथा सांगितली तर ‘हे कशात आहे?’ असे नम्रपणे विचारण्याची मोकळीक सभेत असावी. असा प्रश्न विचारला जाणे हेच व्याख्यान रुजल्याचे लक्षण आहे.

बाहेरच्या जगात या वाटेवर बरेच काम झाले आहे. अमेरिकेत येल विद्यापीठ आणि न्यू हेवन शहरातल्या सरकारी शाळा यांनी १९७८ मध्ये एक संस्था सुरू केली. तिथे प्राध्यापक शिक्षकांबरोबर काही महिने एकच विषय अभ्यासतात आणि शेवटी प्रत्येक शिक्षक आपल्या वर्गासाठी घटक स्वतः लिहितो. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने होशंगाबादच्या भागात सामाजिक अध्ययनाचे काम उभे केले, त्यातही अभ्यासक आणि शाळांचे शिक्षक एकत्र बसत. दोन्हीकडून घेण्यासारखी गोष्ट एकच: एकाच विषयावर पुन्हापुन्हा जमणे. दहा विषयांवर दहा वक्ते बोलावण्यापेक्षा जंगल सत्याग्रह या एका विषयावर तीन बैठका घ्याव्यात. पहिलीत व्याख्यान, दुसरीत जागेवर जाऊन पाहणी, तिसरीत वर्गात काय घडले त्याची देवाणघेवाण. तिसऱ्या बैठकीला वक्त्याला पुन्हा बोलवावे. शिक्षकांनी मुलांचे प्रश्न त्याच्यासमोर ठेवावेत. प्राध्यापकालाही त्यातून शिकायला मिळते.

तारखा ठरवताना विदर्भाचे हवामान पाहावे. शाळा इथे जूनच्या अखेरीस उघडतात. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत कुणाला पत्र्याच्या सभागृहात बसवू नये. पहिली बैठक जुलैत घेतली तर पुसदची तारीखही साधते. पाहणी दिवाळीनंतर, रस्ते कोरडे झाल्यावर. खर्च म्हणाल तर वक्त्याचा प्रवास, पंचवीस-तीस झेरॉक्स आणि चहा. मानधन देता आले तर जरूर द्यावे, न आले तर आधी स्पष्ट सांगावे.

१० जुलै २०३० रोजी पुसदच्या सत्याग्रहाला १०० वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी भाषणे होतील, पुतळ्याला हार घातले जातील. त्याआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक केंद्राने या विषयावर निदान एक व्याख्यान आणि एक टाचण तयार करावे, आणि येत्या शिक्षण परिषदेच्या विषयपत्रिकेत त्यासाठी अडीच तास मागून घ्यावेत. केंद्रप्रमुखांना तसे पत्र देण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.